‘तू ऐकायला येतेस की फोटो काढायला?’

पुण्यात नोकरी करणाऱ्या, अजून तिशी न गाठलेल्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र. रॉक आणि मेटलची गोडी तिला थोरल्या भावामुळे लागली. गेली काही वर्षं ती पबमधल्या छोट्या गिग्जना, म्हणजे बँडच्या कार्यक्रमांना, मिररलेस (लेन्स बदलता येणारा) कॅमेरा घेऊन जाते. बँडवाले तिचे फोटो सोशल मीडियावरच्या आपल्या पानावर टाकतात, तिला टॅग करतात, त्याचा तिला मनापासून आनंद आहे. या गिग्जमधली गाणी तिला अजून क्रमानं आठवतात. मागच्या हिवाळ्यात मात्र मुंबईतल्या एका मोठ्या फेस्टिव्हलला तिचा कॅमेरा गेटवरच अडवला गेला. तो जमा करून आत गेल्यावर तिनं सगळा कार्यक्रम फोनवर शूट केला, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की लाडक्या बँडनं काय काय वाजवलं हेच धड आठवत नाही. परतीच्या वाटेवर भाऊ म्हणाला, “तू ऐकायला येतेस की फोटो काढायला?” त्यानंतर तो तिकीट काढताना तिला विचारेनासा झाला. आता एका ओळखीच्या बँडनं तीन शहरांच्या दौऱ्यात फोटो काढायला बोलावलंय, बिनपैशांचं. त्यासाठी लांबचं टिपणारी ७०-२०० एमएमची लेन्स हप्त्यांवर घ्यावी असं तिच्या मनात आहे. तिचा प्रश्न असा: हा नाद सोडून पुन्हा नुसती श्रोता व्हावं, की आता नेटानं यातच उतरावं?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. पबमधल्या गिग्जची गाणी तुम्हाला क्रमानं आठवतात. तिथे तर कॅमेरा सतत हातात असतो. मग फेस्टिव्हलची संध्याकाळ पुसली गेली याचा दोष एकट्या फोटोंवर कसा टाकता येईल? तुम्ही भावाचा प्रश्न जसाच्या तसा स्वतःवर लावून घेतलात. तो जरा उलगडून पाहू.

भावाच्या म्हणण्यात तथ्य आहेच. अलिक्सांड्रा बाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखादा अनुभव घेताना स्वतःच्या मर्जीनं फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त आठवतं आणि ऐकलेलं कमी, असं त्यात दिसून आलं. संग्रहालयात फिरताना हा तोटा चालून जाईल. कॉन्सर्टमध्ये मात्र नेमकं जे घ्यायला आपण गेलो तेच निसटतं. त्याआधी २०१४मध्ये लिंडा हेंकेल यांचा एका कला-संग्रहालयातला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. अख्ख्या वस्तूचा फोटो काढणाऱ्यांना ती वस्तू नंतर कमी आठवली; पण ज्यांनी झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला, त्यांच्या आठवणीला असा फटका बसला नाही. निवडायचं म्हटलं की आधी नीट बघावं लागतं, म्हणून तसं होत असावं.

आता तुमच्या दोन अनुभवांकडे बघा. पबमध्ये तुम्ही निवडता. या कडव्यानंतर गिटारवाला पुढे येणार, हे ठाऊक असल्यामुळे तुम्ही वाट बघता, आणि वाट बघताना ऐकत असता. फेस्टिव्हलमध्ये गेटवरचा राग मनात धरून तुम्ही आत गेलात आणि कॅमेऱ्याची भरपाई म्हणून फोन उंच धरून येईल ते साठवत राहिलात. तिथे निवड नव्हती, म्हणून ऐकणंही राहिलं. सोडायचंच असेल तर हे अधाशी साठवणं सोडा. फोटोग्राफीवर का रुसता?

आणि भाऊ? मला वाटतं, त्याला तुमच्या फोटोंचं वावडं नाही, त्याला सोबत हरवल्याचं दुःख आहे. ज्यानं तुम्हाला हे संगीत ऐकायला शिकवलं, तो आवडीचं गाणं सुरू झालं की शेजारी बघणारच. तिथे बहिणीचा चेहरा दिसण्याऐवजी उंच धरलेला फोन दिसत असेल, तर तिकीट काढताना त्याचा हात आखडणं समजण्यासारखं आहे. त्याच्याशी फोटोग्राफीवर वाद घालू नका. पुढच्या मोठ्या शोचं तिकीट तुम्हीच काढा, दोघांचं, आणि त्या दिवशी कॅमेरा घरी राहील हे आधीच सांगून टाका.

कारण मोठे शो आणि छोटे गिग या दोन वेगळ्या जागा आहेत. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३पासून होणारा लोलापलूझा हा संगीत महोत्सव असो किंवा स्टेडियममधला एखादा परदेशी बँड, अशा बहुतेक कार्यक्रमांच्या तिकिटाच्या अटींमध्ये ‘प्रोफेशनल कॅमेरा नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि लेन्स काढता येते असा कुठलाही कॅमेरा त्यात धरला जातो. गेटवरचा माणूस तुमची पारख करत नव्हता, कॅमेऱ्याची करत होता. तो अपमान मनातून काढून टाका आणि पुढच्या वेळी घरून निघण्याआधी अटी वाचा.

‘मग मला फोटो-पास मिळवायला हवा’ असं तुमच्या पत्रात दोनदा आलंय. पासवाल्या फोटोग्राफर्सना जिथे सोडतात ती स्टेज आणि बॅरिकेड यांच्यामधली चिंचोळी जागा चाहतीच्या नजरेला स्वर्गासारखी दिसते, हे मला कळतं. पण तिथला रिवाज ऐका: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही. चौथं गाणं सुरू व्हायच्या आत सुरक्षारक्षक सगळ्या फोटोग्राफर्सना बाहेर काढतात. कित्येकदा कॅमेरा जमा करावा लागतो, आणि वेगळं तिकीट नसेल तर थेट मैदानाबाहेरचा रस्ता. गायकाचा घसा अजून तापलेला नसतो, प्रेक्षक स्थिरावलेले नसतात, आणि ज्या गाण्यासाठी वर्षानुवर्षं थांबलात ते शेवटी एन्कोरला, म्हणजे निरोपानंतरच्या जादा गाण्यांत, वाजतं तेव्हा तुम्ही पार्किंगमध्ये असता. ज्यांचं ते काम आहे त्यांनी हे करावं. लाडक्या बँडचा पास मिळाला तरी मी तुम्हाला दोनदा विचार करायला सांगेन.

त्याऐवजी मोठ्या शोसाठी एकच गाणं ठरवा. तेवढ्या गाण्यापुरता फोन बाहेर, बाकी वेळ खिशात. टूल हा बँड आपल्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना फोन बंद ठेवायला लावतो आणि शेवटच्या गाण्याला तेवढी मोकळीक देतो. ती शिस्त आपणच स्वतःला लावून घेतली तर मागे उभ्या असलेल्यांनाही स्टेज दिसतं. फोन डोक्याच्या वर धरू नका, छातीशी किंवा डोळ्यांसमोर धरा. ही अट सगळ्याच वाचकांसाठी, फोटो कितीही चांगला येणार असला तरी.

फेस्टिव्हलमध्येच फोटो हवे असतील तर दुपारी लवकर पोहोचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री १० वाजता बंद करावे लागतात. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे आपल्याकडे सुरुवातीचे बँड भर उन्हात वाजवतात आणि हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास स्टेजवर तिरपं, सोनेरी ऊन येतं. त्या उजेडात साधा फोनसुद्धा सुरेख फोटो देतो. त्या वेळी मैदान अर्धं रिकामं असतं, बॅरिकेडपाशी सहज जागा मिळते, आणि समोरचा बँड बहुतेकदा आपल्याच गावचा, ज्याला फोटोंची खरी गरज असते. रात्री मुख्य बँड येईल तेव्हा तुमचं फोटोंचं मन भरलेलं असेल, फक्त ऐकायचं उरेल.

आता तुमच्या पबकडे येते. तुमची खरी जागा ती आहे असं माझं ठाम मत आहे.

१९६७च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं स्टेजवर आपली गिटार पेटवली. गुडघे टेकलेला हेंड्रिक्स आणि समोर ज्वाळा, हा जगप्रसिद्ध फोटो एड कॅराफ या १७ वर्षांच्या शाळकरी मुलानं स्टेजला लागून ठेवलेल्या खुर्चीवर उभं राहून काढला. हेंड्रिक्ससाठी थोडी फिल्म राखून ठेव, असं त्याला तिथल्या एका जर्मन छायाचित्रकारानं सांगितलं होतं. आता फिल्म संपत नाही, पण राखून ठेवण्याची अक्कल तितकीच लागते, आणि ती गाणी पाठ असलेल्याला आपसूक असते. ड्रम्सचा तुकडा कुठे येणार, गाणं कुठे एकदम थांबणार, बासवाला कुठल्या ओळीला हसतो, हे भाड्यानं आलेल्या फोटोग्राफरला ठाऊक नसतं. तुम्हाला असतं. श्रोता असणं हेच तुमचं भांडवल आहे. ते सोडून ‘यात उतरण्यात’ काही हशील नाही.

गायकाचंच बघा. ओळ गाताना माइक ओठांना चिकटलेला असतो आणि अर्धा चेहरा झाकलेला, वर माइकची सावली. ओळ संपली की तो तसूभर मागे सरकतो, श्वास घेतो, डोळे उघडतो. चेहरा मिळतो तो त्या श्वासात. म्हणजे फोटो ओळीवर काढायचा नसतो, ओळीनंतर काढायचा असतो, आणि ओळ कुठे संपते हे ऐकल्याशिवाय कळत नाही. अगदी समोर उभं राहू नका. अर्धं पाऊल बाजूला झालात की माइक हनुवटीपासून सुटा होतो. ड्रमरचंही तसंच. काठी खाली येताना नुसता धूसर पट्टा दिसतो, पण वर गेल्यावर दिशा बदलताना ती निमिषभर थबकते. कोरसच्या आधीच्या त्या उचललेल्या हातांवर बोट दाबा. झांजेवर आघात झाल्यावर दाबलंत तर उशीर झालेला असतो.

प्रकाशाबद्दल एक गोष्ट सांगते, ती फारशी कुणी सांगत नाही. दिव्यांवर बसलेला माणूस एकाच गाण्यातल्या प्रत्येक कोरसला बहुधा तोच संकेत परत देतो. पहिला कोरस कॅमेरा खाली ठेवून ऐका आणि बघा, उजेड कुठून आला, कुणावर पडला. दुसऱ्या कोरसला तिथे आधीच जाऊन उभ्या राहा. नुसता लाल किंवा नुसता निळा प्रकाश असेल तर चेहऱ्याचे सगळे बारकावे त्या एका रंगात बुडून जातात. पांढऱ्या किंवा पिवळ्या झोताची वाट बघा, नाहीतर फोटो कृष्णधवल करा.

सेटिंगचं थोडक्यात, कारण बाकीचं हातानंच कळतं. शटर सेकंदाच्या १/२५०च्या आसपास, अॅपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक) जितकं उघडेल तितकं, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४००ला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा चालत नाही. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवा. उजेडाचं मोजमाप चेहऱ्यावरून घ्या. मागच्या काळोखावर भरवसा ठेवलात तर कॅमेरा चेहरा पांढराफटक करून टाकतो. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की फोटोत आडवे पट्टे येतात, म्हणून मेकॅनिकल शटर ठेवा. तेवढ्या गोंगाटात त्याची खटखट कुणाला ऐकू येणार! फोकससाठी पेटणारा छोटा दिवा बंद करा, वादकांच्या डोळ्यांत जातो. लेझर असतील तिथे लेन्स थेट त्यांच्याकडे वळवू नका, सेन्सर कायमचा बिघडू शकतो. फोनवाल्यांनी चेहऱ्यावर बोट दाबून धरावं, उजेड खाली ओढावा, नाइट मोड बंद ठेवावा आणि बोटांनी ताणून झूम करू नये. फोनला खरी दुसरी लेन्स असेल तर तेवढीच वापरावी.

या सगळ्यात ७०-२००ची लेन्स कुठे बसते? एफ २.८ची (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) नवी लेन्स म्हणजे लाखाच्या वरचं प्रकरण. ती लांबून फोटो काढण्यासाठी असते, आणि तुमच्या पबमध्ये स्टेज तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर आहे. तिथे २०० एमएमवर गायकाचा नुसता चेहरा मावेल. ज्या मोठ्या मैदानात ती उपयोगी पडेल तिथे गेटवरच अडवतील. हप्ते मात्र दर महिन्याला जातील. ३५ किंवा ५० एमएमची एफ १.८ लेन्स घ्या, ती या लेन्सच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाही आणि अंधारात तिच्यापेक्षा दुपटीहून जास्त उजेड आत घेते. दौऱ्यातल्या एखाद्या मोठ्या सभागृहासाठी लांबची लेन्स लागलीच तर पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्यानं मिळते.

शिवाय लेन्सच्या काचेनं फोटो स्वच्छ होतो, जिवंत होईलच असं नाही. द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या १९७९च्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमच्या मुखपृष्ठावर बासवादक पॉल सिमनन न्यूयॉर्कच्या स्टेजवर बास आपटताना दिसतो. तो फोटो पेनी स्मिथ यांनी काढला. फोकस गेलाय म्हणून तो वापरू नये असं त्यांचं स्वतःचं मत होतं, बँडनं मात्र तोच धरून ठेवला. बास हवेत आहे, माणूस कमरेत वाकलाय आणि पुढच्या क्षणी काय होणार हे बघणाऱ्याला कळतं, तेवढं पुरलं.

तुम्ही हे सोडू नये असं मला वाटतं त्याचं एक कारण तुमच्या पत्राबाहेरचं आहे. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा. पावसात चिंब झालेली कॉलेजची पोरं, घरी शिवलेले बँडचे टी-शर्ट, रंगानं बँडची नावं लिहिलेल्या जीन्स. ते खुलं नाट्यगृह पुढे शांतता क्षेत्रात आल्यामुळे अशा कार्यक्रमांना बंद झालं. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब २०१६मध्ये बंद झाला. आपल्याकडे या जागा टिकत नाहीत, बँड तर त्याहून नाहीत. गिटारवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला की संपलं. रंगभवनातल्या त्या प्रेक्षकांचे फोटो मी कितीतरी वर्षं शोधते आहे, फार थोडे हाती लागतात. म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे: स्टेजवरच्या चार जणांबरोबर बाकीचंही टिपा. साउंडचेकच्या (कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघण्याच्या) वेळचा रिकामा पब, चिकटपट्टीनं जमिनीला डकवलेली गाण्यांची यादी, गिटारवाल्याच्या पायाखालचे पेडल, दारावर टी-शर्ट विकायला बसलेली बँडमधल्या कुणाची तरी बहीण, पहिल्या रांगेत प्रत्येक शब्द ओरडून गाणारा मुलगा. अनोळखी माणसाचा जवळून चेहरा घेतलात तर नंतर त्याला दाखवा आणि नको म्हणाला तर पुसा. मुलींच्या बाबतीत तर हे आवर्जून. फोटोखाली तारीख, जागा आणि बँडमधल्यांची नावं लिहून ठेवा.

कानांचंही बोलायला हवं, कारण तुम्ही कायम स्पीकरच्या तोंडाशी उभ्या असता. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या, कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि आरोग्य पाहणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, तर १०० डेसिबलच्या आवाजात फक्त १५ मिनिटं राहणं सुरक्षित. पबमधला सेट या १५ मिनिटांत संपत नाही. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानातही मिळतात. वादक वापरतात तसे संगीतासाठीचे प्लग घेतलेत तर सूर दबत नाहीत, फक्त आवाजाची पातळी उतरते. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो इशारा समजा.

राहता राहिला बँडचा दौरा. जावंसं वाटत असेल तर जरूर जा. फुकट काम करू नये हा सल्ला सर्रास दिला जातो, पण हा बँड तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्याकडेही पैसे नसतील, आणि तीन शहरांत रोज तीच गाणी नव्या जागी टिपायला मिळणं ही शिकण्याची मोठी संधी आहे. पण पदरमोड करून जाऊ नका. प्रवास, राहणं, जेवण त्यांच्याकडून. आणि फोटो कुणाचे, हे आधी ठरवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा मूळ हक्क काढणाऱ्याकडे असतो. पण कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर तो हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे उद्या त्यांनी पैसे देऊ केले तर लेखी बोलणं उलट जास्त गरजेचं होईल. प्रवासखर्चाला मोबदला म्हणायचं का, असा वाद तरी कशाला उद्भवू द्यायचा?

कराराच्या नावानं घाबरू नका, एक व्हॉट्सअॅप पुरे. मी असं लिहीन: “दौऱ्याला यायला मला आवडेल. प्रवास, राहणं आणि जेवण तुमच्याकडून. फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. तुम्ही ते तुमच्या पानांवर आणि पोस्टर्सवर माझं नाव देऊन वापरू शकता. टी-शर्ट, अल्बमचं मुखपृष्ठ किंवा प्रायोजकाच्या जाहिरातीसाठी वापरायचे झाले तर आधी विचारायचं आणि पैशांचं वेगळं बोलायचं. प्रत्येक गिगनंतर मी निवडलेले फोटो देईन, सगळ्या फाइल्स नाही. प्रत्येक गिगमधली दोन गाणी मी कॅमेरा ठेवून ऐकणार आहे. चालत असेल तर या मेसेजला ‘हो’ असं उत्तर द्या.”

त्या मेसेजला उत्तर आल्याशिवाय सुट्टी टाकू नका. उत्तर आलं की दुसरं मेमरी कार्ड आणि जास्तीची बॅटरी तेवढी विकत घ्या; मिररलेसची एक बॅटरी साउंडचेकपासून शेवटच्या गाण्यापर्यंत पुरेलच याची खात्री नसते.